‘आईला बरं नाही’



2013 सालच्या नोव्हेंबरमध्ये मी एक विमानाचं तिकीट काढलं. नेवार्क ते मुंबई, थेट. प्रवासी माझा मावसभाऊ. मी त्याला दादा म्हणते. त्याला सांगितलं होतं, “आईला बरं नाही, ताबडतोब ये म्हणतेय.” मावशी तेव्हा पुण्यात ठणठणीत होती. रोज सकाळी फिरायला जात होती. तिलाही आम्ही या खोट्यात सामील करून घेतलं होतं. फोनवर जरा थकलेल्या आवाजात बोल, असं मीच तिला सांगितलं होतं.

दादाला आम्ही व्यसनमुक्ती केंद्रात नेत होतो आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता.

ही गोष्ट मी त्याच्या परवानगीनं लिहिते आहे. “लिही, पण उपदेश करू नकोस,” असं तो म्हणाला. ते कितपत जमतंय ते बघू. पण लिहायला हवं असं मला फार दिवसांपासून वाटतं आहे. कारण गेल्या दहा-बारा वर्षांत निदान सहा-सात मराठी घरांतून मला हाच फोन आला आहे. आवाज बारीक करून, स्वयंपाकघराचं दार लावून केलेला. “तुमच्या भावाला तुम्ही तिकडे पाठवलं होतं ना? कसं जमवलंत? आमच्याकडेही...” आणि पुढचं वाक्य पूर्ण होत नाही.

आधी आमच्या घराबद्दल. दादा 1999 साली वायटूकेच्या लाटेत इथे आला. हुशार, बोलका, गणपतीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणारा. पार्टीत चार पेग झाले की गाणी म्हणायचा आणि सगळे टाळ्या वाजवायचे. पुढे चाराचे सहा झाले, वीकएंडचा रोज झाला, आणि मग गॅरेजमध्ये रिसायकलिंगच्या डब्यामागे बाटल्या सापडायला लागल्या. वहिनीनं दोन वर्षं कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा आमच्यापैकी एका वडीलधाऱ्यांनी तिलाच विचारलं, “घरात काही कटकटी आहेत का?” नवरा पितो म्हणजे बायकोचं काहीतरी चुकत असणार, हे तत्त्वज्ञान आपण पासपोर्टबरोबर इकडे घेऊन आलो आहोत.

मग ठरलं की याला भारतात नेऊ या. कारणं सरळ होती. तिकडे खर्च कमी. इथल्या ऑफिसात, मंडळात कोणाला कळणार नाही. आणि ‘आपली माणसं’ आहेत. या तिन्हींत दादाच्या आजाराबद्दलचं एकही कारण नव्हतं, हे आज लक्षात येतं. आम्हाला त्याला बरं करायचं होतं हे खरं. पण त्याहून जास्त त्याला नजरेआड करायचं होतं.

निघायच्या आदल्या रात्री वहिनीनं घरातली सगळी दारू सिंकमध्ये ओतली. माझा नवरा त्याच्यासोबत प्रवासाला होता. त्याला मी बजावलं होतं, विमानात एक थेंबही घेऊ देऊ नकोस. आम्हाला वाटलं, चला, व्यसनमुक्तीची सुरुवात आजपासूनच. विमान सुटून सातआठ तास झाले असतील, दादाचे हात थरथरायला लागले. अंगाला दरदरून घाम. आणि मग सीटवरच त्याला फिट आली. सुदैवानं विमानात एक डॉक्टर होत्या. त्यांनी पुढचा सगळा प्रवास त्याच्याजवळ बसून काढला. मुंबईला उतरल्यावर तो केंद्रात नाही, हॉस्पिटलमध्ये गेला. चार दिवस.

त्या डॉक्टरबाईंनी माझ्या नवऱ्याला जे सांगितलं ते प्रत्येक घराला माहीत असायला हवं. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. हा धोका शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 48 तासांत जास्त असतो. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नाही ते दिसतं, ताप चढतो. त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो. म्हणजे अमेरिकेहून भारताचा प्रवास, घरापासून घरापर्यंत धरला तर, बरोबर त्या धोक्याच्या तासांत येतो. आम्ही त्याला जमिनीपासून पस्तीस हजार फुटांवर, औषधाविना, हॉस्पिटलपासून सगळ्यात लांब असलेल्या जागी नेऊन दारू सोडायला लावली होती. प्रेमानं.

केंद्रात तो पाच आठवडे राहिला. कागदांवर नातेवाइकांच्या सह्या होत्या. परत आला तेव्हा वजन वाढलं होतं, चेहरा उजळला होता. आम्ही सत्यनारायण घातला. अकराव्या दिवशी तो प्यायला. मी भांडायला गेले तर शांतपणे म्हणाला, “तुम्ही मला फसवून नेलंत, मी तुम्हाला फसवून प्यायलो. फिट्टंफाट.”

खरी किंमत मात्र आम्ही तीन वर्षांनी मोजली. 2016 साली मावशीला खरोखर स्ट्रोक झाला. मी दादाला फोन केला. “दादा, मावशीला बरं नाही. लगेच निघ.” पलीकडून तो हसला. “या वेळी कुठलं केंद्र?” मी रडले, ओरडले, शप्पथ घेतली. त्याला ते सगळं नाटकच वाटलं. मागच्या वेळीही मी रडलेच होते. शेवटी पुण्याहून डॉक्टरांनी स्वतः फोन केला तेव्हा त्याला पटलं. यात दोन दिवस गेले. तो विमानात असताना मावशी गेली.

त्यात त्याची काय चूक होती ते मी अजून शोधते आहे.

व्यसनी माणूस खोटं बोलतो, हे सगळे जाणतात. त्यावर आपण खोटं बोललो तर काय बिघडलं, त्याच्या भल्यासाठीच ना, असं आपल्याला वाटतं. पण व्यसनमुक्तीचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा असतो. माणसानं कधीतरी कोणाला तरी खरं सांगणं. “आज मला प्यावंसं वाटतंय”, “काल मी प्यायलो”, एवढंच. ते ज्या घरात सांगायचं त्या घराचाच शब्द खोटा ठरला असेल तर तो कोणाला सांगणार?

हे ज्ञान आपल्याला नवं नाही, हे यातलं सगळ्यात लाजिरवाणं. 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. त्याआधी अवचटांनी ब्राउन शुगरच्या व्यसनावर ‘गर्द’ लिहिलं होतं. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले, आणि त्यातून हे काम उभं राहिलं. अनिताबाई 1997 साली गेल्या, अवचट 2022 साली. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम पुढे नेलं. तिथे पहिल्यापासून व्यसन हा आजार मानला गेला आणि घरच्यांनाही उपचारात धरलं गेलं. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. व्यसनी बायकांसाठी ‘निशिगंध’ नावाचा वेगळा विभाग निघाला, कारण बायकांना व्यसन लागतं हे मान्य करणं आपल्याला आणखीच जड जातं.

अमेरिकेतल्या मराठी माणसाला हे सगळं पाठ आहे. आपण ती पुस्तकं वाचली, अवचटांची व्याख्यानं ऐकली, अशा कामांना चेक पाठवले, करसवलतीची पावती जपून ठेवली. म्हणजे पुण्यातल्या अनोळखी व्यसनी माणसाला आपण आजारी म्हणतो. आपल्या घरातल्याला मात्र ‘कलंक’ म्हणतो आणि रात्रीच्या विमानात बसवतो.

गंमत अशी की उपचाराची ही वाट दोन्ही दिशांनी वाहत आली आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस 1935 साली ओहायोतल्या ॲक्रन गावी सुरू झालं, आणि नातेवाइकांसाठीचं अल्-ॲनॉन 1951 साली. निवासी उपचाराची जी पद्धत जगभर पसरली, तिचा पाया मिनेसोटात हेझल्डनसारख्या संस्थांनी घातला. चेन्नईच्या शांती रंगनाथन यांचे पती दारूच्या व्यसनानं तरुणपणी गेले. त्यांनी हेझल्डनला जाऊन प्रशिक्षण घेतलं आणि 1980 साली चेन्नईत टीटीके केंद्र सुरू केलं. टीटीके हे मद्रासमधलं केवढं मोठं नाव! त्या घरातली विधवा सून उठून सांगते की माझा नवरा दारूनं गेला, आणि त्याच दुःखातून इतरांसाठी दवाखाना उभा करते. आपल्यातल्या कोणा घराकडे एवढी प्रतिष्ठा आहे, की तिला जपण्यासाठी गप्प बसावं?

म्हणून ‘भारतात न्यावं की इथेच उपचार करावेत’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. भारतात नेण्याच्या मी विरुद्ध नाही. दादा दुसऱ्यांदाही भारतातच गेला, आणि त्याचा उपयोग झाला. फरक कुठे होता ते सांगते.

2018 सालच्या मार्चमध्ये तो स्वतः माझ्या घरी आला. इथल्या एका आउटपेशंट कार्यक्रमात तो काही महिने जात होता. म्हणाला, “तिथले लोक चांगले आहेत गं. पण मी इंग्रजीत बोलतो ना, तेव्हा प्रेझेंटेशन देतो. माझं इंग्रजी इतकं छान आहे की मी त्यात पकडलाच जात नाही. आईबद्दल मला इंग्रजीत बोलता येत नाही.” केंद्राचं नाव त्यानंच निवडलं. फोन त्यानंच केला. आम्ही फक्त सोबत होतो.

या वेळी आम्ही आधी डॉक्टरांना विचारलं. सहा दिवस इथल्याच हॉस्पिटलात डीटॉक्स झालं. मग चार दिवस घरी. मग डॉक्टरांचं पत्र आणि औषधांची यादी घेऊन प्रवास. डीटॉक्सला त्याच्या इन्शुरन्सनं पैसे दिले. मानसिक आजार आणि व्यसन यांच्या उपचारांना इतर आजारांहून कमी लेखता येणार नाही, असा समानतेचा कायदा अमेरिकेत 2008 साली झाला. 2010 सालच्या आरोग्यविमा कायद्यानं वैयक्तिक आणि छोट्या कंपन्यांच्या योजनांमध्ये व्यसनोपचार हा आवश्यक भाग ठरवला. आपल्यातले कित्येक जण ‘कंपनीला कळेल’ या भीतीनं हे वापरतच नाहीत आणि बचतीतून भारतातला खर्च करतात. परदेशातल्या ठरवून घेतलेल्या उपचारांना मात्र इथल्या बहुतेक विमायोजना पैसे देत नाहीत. तेव्हा जे इथे मिळतं ते इथे घ्यावं.

रजेचंही तसंच. आमच्या घरात पहिल्या वेळी ऑफिसला ‘आईचं आजारपण’ कळवलं होतं. दुसऱ्या वेळी त्यानं 1993 सालच्या फॅमिली अँड मेडिकल लीव्ह कायद्याखाली रजा घेतली. पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या कंपनीत वर्षभर काम झालेलं असेल, आणि त्या वर्षात 1250 तास भरले असतील, तर साधारणपणे बारा आठवड्यांपर्यंत बिनपगारी पण नोकरी राखून ठेवणारी रजा मिळते. व्यसनाच्या उपचारांसाठीही मिळते. दारू पिऊन गैरहजर राहिलात तर त्याला हे संरक्षण नाही, उपचाराला आहे. आणि बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे, त्या देशाच्या कायद्यानुसार काम करणाऱ्या परदेशी डॉक्टरचा दाखलाही नियमांत बसतो. तुमच्या थेट वरिष्ठाला तुमच्या डॉक्टरला फोन करायची मुभा नाही. खोटं बोलायची गरजच नव्हती, हे आम्हाला पाच वर्षांनी कळलं.

व्हिसाचा मुद्दा मात्र गंभीर आहे. दादाकडे ग्रीन कार्ड होतं, म्हणून काही आठवड्यांच्या प्रवासाचा त्याला त्रास झाला नाही. पण 2023 साली एका घरातून फोन आला, त्यांचा मुलगा एच-वनवर होता. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याला वर्षभरापूर्वी अटक झाली होती. आईवडिलांचं म्हणणं, उद्याच्या विमानानं त्याला पुण्याला आणतो. मी म्हटलं, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. वकिलांनी सांगितलं ते असं. अशा अटकेनंतर परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं, आणि ते 2015 नंतर सर्रास होऊ लागलं. तो अमेरिकेत असेपर्यंत त्याचं स्टेटस त्यामुळे जात नाही. पण एकदा बाहेर पडला की नवा व्हिसा लागतो, आणि त्यासाठी वकिलातीनं नेमलेल्या डॉक्टरची तपासणी होऊ शकते. त्या तपासणीत घातक वागणुकीसह व्यसनाचं निदान झालं तर साधारण बारा महिने व्यसनापासून दूर राहिल्याचं दिसेपर्यंत दार बंद. त्या मुलानं इथेच उपचार घेतले. घाईनं निघाला असता तर नोकरी गेली असती, आणि घरी बसलेल्या बेकार मुलाच्या हातात पुन्हा काय आलं असतं ते सांगायला नको.

आता दारूपलीकडचं. आपल्या पुढच्या पिढीत वेदनाशामक गोळ्या, हेरॉइन, फेंटानिल हे प्रकार आहेत. नाहीत असं समजणं हा आपला भ्रम आहे. 2021, 2022 आणि 2023 या तिन्ही वर्षांत अमेरिकेत ड्रग ओव्हरडोसनं वर्षाला एक लाखाहून अधिक माणसं गेली. 2024 मध्ये आकडा बराच खाली आला, तरी तो प्रचंडच आहे. अशा मुलाला आजीकडे पाठवून ‘महिनाभर लांब ठेवू’ हा बेत सगळ्यात धोक्याचा. महिनाभर ड्रग थांबलं की शरीराची सहनशक्ती उतरते. परत आल्यावर त्यानं जुन्याच मात्रेत घेतलं तर श्वास थांबतो. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन चालू असेल तर ‘हेही एक व्यसनच’ म्हणून ते बंद करून पाठवू नका. त्या गोळ्या त्याला जिवंत ठेवत असतात. दोन्ही देशांत त्यांवर कडक नियंत्रण आहे. तेव्हा न्यायच्या असतील तर डॉक्टरांचं पत्र, मूळ डबी आणि तिकडची सोय हे सगळं आधी ठरवा. आणि घरात नॅलॉक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे ठेवा. 2023 पासून तो प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो.

भारतातलं केंद्र निवडतानाही डोळे उघडे हवेत. उत्तम केंद्रं आहेत, तशी पत्र्याच्या शेडमध्ये कुलूप लावून मारहाण करणारीही आहेत. भारताचा 2017 सालचा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू आणि ड्रगच्या गैरवापराशी संबंधित मानसिक स्थितींनाही लागू होतो. त्यात रुग्णाला स्वतःच्या इच्छेनं दाखल होण्याचा आणि बाहेर पडण्याचा हक्क आहे. साखळीनं बांधायला सक्त मनाई आहे. स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसाला दाखल करण्यासाठी वेगळी प्रक्रिया आणि मुदत आहे. भावानं सही केली, झालं, असं आता चालत नाही. केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, रुग्णाला घरी फोन करता येतो का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी बरंच कळतं. ‘तुम्ही फक्त आणून सोडा, बाकी आम्ही बघतो’ असं कोणी म्हणालं तर तिथून परत फिरा.

इथे काही वाचक म्हणतील, आणि मला फोनवर म्हणालेही आहेत, “तुमचा भाऊ तयार झाला. आमचा तयारच होत नाही. मरू द्यायचं का त्याला?” हा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. जीव धोक्यात असेल, माणूस भानावर नसेल, तर 911 ला फोन करावा, हॉस्पिटलमध्ये न्यावं. त्यात त्याची संमती विचारत बसू नये. पण तो धोका टळल्यावर, भानावर आलेल्या माणसाला खोटं सांगून समुद्रापार नेणं, ही वेगळी गोष्ट आहे. तो तयार नाही म्हणजे आपल्याला करण्यासारखं काही नाही, असंही नाही. वहिनी त्या पाच वर्षांत अल्-ॲनॉनला जायला लागली. त्यानं ऑफिस बुडवलं की बॉसला फोन करून ‘पोट बिघडलंय’ सांगणं तिनं बंद केलं. वेगळं बँक खातं उघडलं. मुलाला खरं सांगितलं. ती म्हणते, “मी त्याला सुधारायचं सोडलं आणि त्याच्यासाठी खोटं बोलायचंही सोडलं.” 2018 मध्ये दादा आमच्या दारात उभा राहिला, त्यामागे हे होतं, अशी माझी समजूत आहे. सिद्ध करता येणार नाही.

आणि शेवटचा मुद्दा, परतीचा. पाच आठवडे पुण्यात राहून माणूस परत येतो तो कुठे? त्याच गॅरेजमध्ये, त्याच कम्यूटवर, त्याच शनिवारच्या पार्टीत. पहिल्या वेळी आम्ही परतीची काहीच तयारी केली नव्हती, सत्यनारायण सोडला तर. दुसऱ्या वेळी तो निघण्यापूर्वीच इथल्या आउटपेशंट कार्यक्रमाची तारीख ठरलेली होती. उतरल्यापासून चौथ्या दिवशी तो तिथे गेला. आठवड्यातून तीन संध्याकाळी. पुण्यातल्या समुपदेशकांशी महिन्यातून एकदा फोन. पुढे, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये, तो एकदा घसरला. रात्री दीड वाजता मला फोन आला, “मी प्यायलोय. खरं सांगतोय.” त्या वाक्यातला दुसरा भाग मला पहिल्याइतकाच ऐकू आला. सकाळी त्यानं डॉक्टरांना कळवलं. त्यानंतर तो प्यायलेला नाही. शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, तो एका मराठी मीटिंगला ऑनलाइन बसतो. आईबद्दल तिथे बोलतो म्हणे.

मग आपण बाकीच्यांनी काय करायचं? फार मोठं काही नको. मंडळाच्या कार्यक्रमात बार असेल तर असो, पण हातात सोड्याचा ग्लास घेतलेल्या माणसाला ‘काय रे, बायकोनं परवानगी नाही दिली का?’ असं विचारणं बंद करू या. दादाला ते दर वेळी विचारलं जातं, आणि दर वेळी तो हसून टाळतो. दिवाळीच्या स्मरणिकेत साडीच्या आणि घरांच्या जाहिराती असतात, तिथे एका कोपऱ्यात 1-800-662-4357 हा सरकारी मदतीचा नंबर छापू या. फुकट आहे, चोवीस तास चालतो, नाव विचारत नाही. आरोग्य शिबिरात आपण मधुमेह आणि कोलेस्टेरॉल तपासतो, तिथे दारूबद्दलचे चार प्रश्न विचारू या. रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार 2020 आणि 2021 मध्ये अतिरिक्त मद्यपानानं अमेरिकेत वर्षाला सरासरी 1 लाख 78 हजार मृत्यू झाले. त्यात आपली माणसं नसतील असं समजायला काही आधार नाही. त्यांच्या शोकसभेत ‘हार्ट’ म्हणून सांगितलं गेलं, एवढंच.

आणि कोणी तुम्हाला स्वयंपाकघराचं दार लावून फोन केला, तर तिकिटाचे भाव बघायच्या आधी एक विचारा. “त्याला माहीत आहे का, कुठे जायचंय ते?”

मावशीच्या तेराव्याला दादा माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. आता बोलतो. परवा त्याचा फोन आला, मुलाला कॉलेजला सोडून परतताना. मी विचारलं, “कसा आहेस?” तो म्हणाला, “आज जरा जड आहे.” मी बरं म्हटलं, आणि आम्ही तो घरी पोचेपर्यंत बोलत राहिलो.